संध्याकाळी चांगला दिसणारा हात

‘पण तुमच्याकडे बघून वाटत नाही हो तसं.’ हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलं आहे, की आता कुणी ते बोलायला तोंड उघडलं की हात उगारावासा वाटतो. उगारत नाही, कारण उजवा हात खांद्याच्या वर आजही धड जात नाही. कोपरही पुरता सरळ होत नाही. दुखण्याने जे नेलं ते नेलं, त्याच्यावर माझा फारसा राग नाही. राग आहे तो त्या दोन वर्षांचा, जेव्हा मी ओरडत होते आणि सगळे माझा अंबाडा बघत होते.

आम्ही तेव्हा भोपाळला, कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. आमचे हे चाचणी विभागात फोरमन. वसाहतीत सगळं कंपनीचं: क्वार्टर, शाळा, पाणी, भोंगा आणि दवाखाना. दवाखान्याच्या वेळा दोन. सकाळची कामगारांची, संध्याकाळची बायकामुलांची. असा नियम कुठे लावलेला नव्हता, पण सकाळी कुणाची बायको तिथे दिसली की निम्मी वसाहत विचारायची, ‘काय झालं? कुणाला लागलं?’ म्हणून दुखणं कसलंही असो, बायका ते संध्याकाळपर्यंत राखून ठेवत.

माझं दुखणं सकाळचं होतं. जाग यायची तेव्हा उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी शेजारी ठेवल्यासारखा पडलेला असायचा. डाव्या हाताने तो उचलून पोटावर घ्यायचा, मग कुशीवर वळायचं, मग उठायचं. खांद्यात आत कुणी तरी मिरची वाटतंय असं वाटे. बोटं इतकी आखडलेली, की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागे. आपला हात जगन्नाथ म्हणतात. माझा जगन्नाथ ऊन अंगणात आल्याशिवाय उठायला तयार नसे. कणीक डाव्या हाताने मळायची, ओले कपडे दोरीवर न टाकता खुर्च्यांच्या पाठीवर वाळत घालायचे, कुकरचं झाकण ह्यांनी ड्यूटीवर जाण्याआधी उघडून द्यायचं. दुपारपर्यंत हात हळूहळू सैल व्हायचा आणि संध्याकाळी शहाण्या मुलासारखा वागायचा.

संध्याकाळी मी दवाखान्यात जायचे. आणि आमच्यात दवाखान्यात असं तसं जात नाहीत. सासूबाईंची शिकवणच होती, डॉक्टरकडे जाताना धुतलेलं पातळ, नीट वेणीफणी, कपाळाला कुंकू. माणूस घरचं नाव घेऊन बाहेर पडतं, म्हणायच्या. माझ्या हाताने फणी डोक्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून शेजारच्या नागपूरच्या वहिनी यायच्या. जीव लावणारी बाई. ‘अशा अवतारात जाता का कुठी? बसा बरं गुपचूप,’ म्हणत घट्ट अंबाडा घालायच्या, पिना खोचायच्या. ब्लाउजच्या बाहीत हात घालताना मी किंचाळू नये म्हणून दुखणं थांबवायची गोळी मी तासभर आधीच घेऊन ठेवलेली असे. म्हणजे डॉक्टरला दाखवायचं जे दुखणं, ते घरीच दाबून, वर कुंकू लावून आम्ही दोघी निघायचो!

डॉक्टर म्हणायचे, ‘हाथ ऊपर कीजिए.’ हात वर जायचा. कण्हत, पण जायचा.

‘देखिए, जा तो रहा है. कुछ नहीं है भाभीजी. थोड़ी कमज़ोरी है, टेन्शन मत लिया कीजिए.’

मी सांगायचे, सकाळी जात नाही. ते हसायचे आणि ताकदीचं औषध लिहून द्यायचे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ते गोड लाल औषध मी बाटल्यांवर बाटल्या प्यायले.

आणि बाकीचे? महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात प्रत्येकीचा खांदा माझ्यापेक्षा जास्त दुखत होता. एकीने मेथीचे लाडू सांगितले, दुसरीने भिंतीवर लाटणं फिरवायला सांगितलं, तिसरी म्हणाली कामाची सवय मोडली की असंच होतं. आमचे हे कधी ओरडले नाहीत, हात दाबून द्यायचे, बिट्टन मार्केटच्या भाजीच्या पिशव्याही स्वतः उचलायचे. पण बाहेरच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, ‘अगं, आपला दवाखाना आहे ना? त्यांना काही सापडत नाही, म्हणजे नसेल काही.’ वसाहतीत राहून माणसाची अशी समजूत होते, की कंपनीच्या दवाखान्याला जे दिसत नाही ते जगातच नाही. एकदा मी चिडून म्हटलं, ‘अहो, तुमचं मशीन बंद असताना तपासता का तुम्ही? खडखड करत असतानाच कान लावता ना?’ ते म्हणाले, ‘मशीनची गोष्ट वेगळी.’

दुसऱ्या हिवाळ्यात वहिनी भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या. एका सकाळी, हे पहिल्या पाळीला निघून गेल्यावर, दुधाचं पातेलं माझ्या हातातून सुटलं. ओट्यावर, जमिनीवर, पायांवर, सगळीकडे दूध. फडकं पिळायला घेतलं तर मूठ वळेना. मी तिथेच उभी राहून मोठ्याने शिव्या दिल्या. डॉक्टरला, ह्यांना, लाडूवालीला, हातालाही. मग दूध तसंच टाकून, गाऊनवर शाल गुंडाळून, केस मोकळे सोडून मी घराबाहेर पडले. गोळी घेतली नाही. आरशातही पाहिलं नाही.

दवाखान्यात बाकावर सगळे पुरुष. कुणाचं बोट बांधलेलं, कुणाचा डोळा लाल. मला बघून सगळे सरकून बसले. कंपाउंडर म्हणाला, ‘भाभीजी, फैमिली का टाइम शाम को है.’

‘मेरे हाथ का टाइम सुबह का है,’ मी म्हटलं आणि दार ढकलून आत गेले.

डॉक्टरांनी मला आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर सवयीने म्हणाले, ‘हाथ ऊपर कीजिए.’ हात जागचा हलला नाही. त्यांना वाटलं मी करत नाही. त्यांनी मनगट धरून स्वतः तो उचलला, आणि मी अशी ओरडले की बाहेरची माणसं उठून दारात आली. मग पहिल्यांदाच त्यांनी माझी बोटं हातात घेऊन पाहिली. पेरं सुजून चकाकत होती.

‘ये कब से है?’ त्यांनी विचारलं.

दोन वर्षं दर महिन्याला त्यांच्यासमोर बसणाऱ्या बाईला हा प्रश्न! मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अरेरा कॉलनीतल्या सांध्यांच्या डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी त्यांनी तेव्हाच लिहिली.

त्या डॉक्टरची वेळ मिळाली तीही नेमकी संध्याकाळची. वहिनी परतल्या होत्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी अंबाडा घातलाच. गोळी मात्र मी या वेळी घेतली नाही. ‘मोठ्या डॉक्टरकडे चालल्या न वो तुम्ही,’ म्हणाल्या. हे रजा टाकून बरोबर आले.

नव्या डॉक्टरांनी रक्ताचे आणि क्ष-किरणांचे कागद पाहिले, खांदा चाचपला, कोपर पाहिला. संधिवात आहे, म्हणाले, सांध्यांना आतून सूज येते, ती सकाळीच जास्त जाचते. औषधाने पुढचं रोखता येईल, पण कोपराचं जे गेलं ते आता परत येणार नाही. मग माझ्या डोक्यावरून ह्यांच्याकडे बघत म्हणाले, ‘इतनी देर कैसे हो गई? इन्होंने कभी बताया नहीं?’

मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, बघू या, काय सांगतात.

हे मग म्हणाले, ‘बताती तो थीं, सर. पर अच्छी दिखती थीं.’

खोटं बोलले नाहीत, एवढं खरं. माझ्या मात्र डोक्यात सणक गेली.

‘पिना काढा,’ मी ह्यांना म्हटलं.

‘इथे?’

‘इथेच. माझा हात पोचत नाही.’

ते उठले, माझ्या मागे उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या केसांत पिना कुठे असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. चाचपडत, ओढत, एकेक पिन काढून ते शर्टाच्या खिशात टाकत होते. केस खांद्यावर सुटले तेव्हा मी उजवा हात वर न्यायला लागले. तो कानापाशी येऊन थांबला.

‘आता बघा,’ मी म्हटलं. डॉक्टरांना नाही, ह्यांना.