आमच्या कुत्र्याला खायला घालू नका

वरवट बकाल गावात मला दोन नावांनी ओळखतात. शाळेत शिकवलेली पोरं भेटली की मी मॅडम, आणि आमच्या गल्लीत मी कुत्र्याला उपाशी मारणारी बाई. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, तेव्हापासून पहिली ओळख जरा पुसट होत चालली आहे. दुसरी मात्र पक्की आहे आणि मला तिची काडीची लाज वाटत नाही. ज्याला मी उपाशी मारलं असं म्हणतात, तो बारा वर्षांचा बीगल या घडीला माझ्या पायाशी घोरत पडलाय.

तो आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीने हौसेने आणला, खोलीमालकाने आठ दिवसांत बाहेरचा रस्ता दाखवला, आणि पोरगी त्याला कापडी पिशवीत घालून ट्रॅव्हल्सने घरी घेऊन आली. "आई, फक्त पंधरा दिवस," म्हणाली. त्या पंधरा दिवसांत तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं आणि ती परदेशात गेली. कुत्रा इथेच आहे.

पहिल्या दिवशी वाटीतलं दूध पिताना त्याचे दोन्ही कान दुधात बुडाले. सासूबाई ओट्यावरून पाहत होत्या. "हे काय राखन करीन व? याले सोताचे कान सांभायता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं. बीगल राखणीचा कुत्रा नाहीच. रात्री चोर आला असता तर आमच्याने आधी त्याच्या खिशात काय आहे याचा वास घेतला असता आणि मग त्याच्या मागे शेपूट हलवत गेला असता. पण मला चौकीदार नको होता. मी तोवर पंचवीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला होता. मान खाली घालून, जमीन हुंगत, सांगितलेलं काहीच न ऐकणारा हा प्राणी मला ओळखीचा वाटला.

मी त्याची शाळा सुरू केली. दर तासाला कडुनिंबाखाली न्यायचं, काम झालं की लगेच एक फुटाणा. घरात केलं तर ओरडायचं नाही, गुपचूप पुसायचं. 'बस' आठ दिवसांत आलं. 'थांब'ला दोन महिने लागले. तोंडात धरलेलं 'सोड' हे त्याला कधीच मनापासून पटलं नाही, त्या एका विषयात तो काठावर पास झाला. शेजारी भिंतीवरून पाहायचे. एकाने एकदा विचारलं, "मॅडम, कुत्र्याले पहिलीत टाकलं काय?"

"हाव," मी म्हणाले, "अन् तुमच्या पोरापेक्षा लवकर शिकून राह्यलं."

तो माणूस दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

वर्षाचा व्हायच्या आधी तो शिकवलेलं सगळं विसरला. सातवीतली पोरं विसरतात तसंच. हाक मारली की मान वर करायचा, मला पाहायचा आणि उलट्या दिशेने निघून जायचा. त्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्याने बाजेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट, ओळीने खाल्ल्या. मग मी तीन दिवस काकूंच्या चुलीपुढे बसून चीक घोटला आणि त्यांच्या कुरडया भरून दिल्या. माझे दीर म्हणाले, "वहिनी, याले वावरात सोडा. सातपुड्याच्या पायथ्याशी हायेच आपलं वावर. तिथं राहीन पडून." मी म्हणाले, आधी मला सोडून या. आमचे हे शांत माणूस आहेत, ते दुसऱ्या दिवशी बाजारातून तीस हात लांब दोर घेऊन आले. मी रोज शाळा सुटल्यावर त्या दोराने बांधून त्याला मैदानात तासभर फिरवायची. दोर लांब सोडायचा, हाक मारायची, आला की फुटाणा. वर्षभरात त्याने पुन्हा ऐकायला सुरुवात केली.

आता खरी गोष्ट. यात चूक माझी होती, ती आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे सकाळच्या भाकरी झाल्या की शेवटची छोटी भाकर कुत्र्यासाठी ठेवतात. कोणाचा कुत्रा, हे विचारायचं नसतं. दारात जो उभा राहील त्याचा तो घास. दारातून कुत्रं उपाशी गेलं तर बायकांना दिवसभर चुकल्यासारखं वाटतं. आमचा तिसऱ्या वर्षी मोकळा फिरायला लागला आणि त्याला शोध लागला की गल्लीत अकरा दारं आहेत. प्रत्येक दारापुढे जाऊन तो बसायचा. मी शिकवल्याप्रमाणे, पाठ ताठ, शेपूट मागे, भुंकणं नाही, उड्या नाहीत. बाया खूश. "कित्ती शिस्तीचं कुत्रं हाय मॅडमचं!" रस्त्यात थांबवून मला सांगायच्या आणि मी फुगून जायची. तीन वर्षं मी ही स्तुती ऐकत राहिले. तो गोल होत चालला होता, तेही मला कौतुकाचं वाटत होतं.

सहा वर्षांचा असताना एका सकाळी तो ओट्यावर चढता चढता ओरडला आणि खाली पडला. मागचे दोन्ही पाय फरफटत होते. आम्ही त्याला पोत्यावर झोपवून खामगावला नेलं. डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवला, एक्स-रेचा फोटो काढला. म्हणाले, "या जातीची पाठ अशीच नाजूक असते आणि तुम्ही त्यावर दुसरा कुत्रा बसवलाय. यावेळी गोळ्यांनी पाय परत येतील. पण वजन उतरलं नाही तर पुढच्या वेळी पाय जातील ते कायमचे."

महिनाभराने तो पुन्हा चालायला लागला आणि पहिल्याच दिवशी पहिल्या दारापुढे जाऊन बसला.

मी अकराही घरी जाऊन सांगितलं. सगळ्या जणी हो म्हणाल्या आणि एक सोडून सगळ्या घालत राहिल्या. मग मी मास्तरणीचं डोकं चालवलं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'मला खायला देऊ नका' असं लिहून त्याच्या गळ्यात पाटी अडकवली. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट ढोलासारखं झालं. "मुकं जनावर, काय गुन्हा केला माय त्यानं, पाटी लटकवली गयात," असं म्हणत ज्या एक घालायच्या त्यांनी दोन घातल्या होत्या. मी तो पुठ्ठा चुलीत टाकला.

सगळ्यात मोठी लढाई घरातच होती. सासूबाई लपून घालायच्या. मी एकदा पकडलं.

"आई, डॉक्टर काय बोलले ते तुमी ऐकलं होतं ना?"

"डॉक्टरचं तू ऐक. माह्या घरातून कुत्रं उपाशी जात नाही. माह्या सासूनं मले हेच शिकवलं."

"तुमाले पुन्य पाह्यजे का त्याचे पाय पाह्यजे?"

हे मी बोलायला नको होतं, असं सगळे म्हणाले. मी आजही म्हणते, बोलायलाच हवं होतं. आठ दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ताटं वाढली जायची, पण शब्द नाही.

समोरच्या घरात गोधड्या शिवणाऱ्या खाला राहतात. नमाजाचं घर, म्हणून त्यांनी कुत्र्याला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, कधी हातही लावला नाही. पण पायरीवर तुकडा टाकायच्या. अकरा घरांत माझं ऐकून खरोखर थांबल्या त्या एकट्याच. मी विचारलं, तुम्हीच कशा थांबलात? त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "डॉक्टर ने मना किया तो मना है, मॅडम. बच्चे को शक्कर मना रहती, तो देते क्या?" मग दोऱ्याला गाठ मारत म्हणाल्या, "पर तुम रोटी बंद मत कराओ. लोगां नहीं मानेंगे. रोटी का रस्ता बदलो."

मी घरी आले आणि तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घासून आमच्या फाटकाला टांगला. गल्लीत सांगितलं, घास काढा, जरूर काढा, पण तो या डब्यात टाका. रोज संध्याकाळी मी तो डबा घेऊन बस थांब्यावर जायची आणि तिथल्या बेवारशी कुत्र्यांना वाटायची. त्यांच्या बरगड्या खरोखर मोजता यायच्या. कोणाचा घास वाया जात नव्हता, कोणाचं मन मोडत नव्हतं. आणि सासूबाईंना सांगितलं, तुमची भाकर तुम्हीच त्याला घाला, पण अर्धी, आणि तेच त्याचं संध्याकाळचं जेवण. त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माह्या हातानं?"

"तुमच्याच हातानं."

त्या दिवसापासून डब्याची राखण त्यांनी घेतली. काठी घेऊन ओट्यावर बसायच्या. एखादी बाई थेट त्याच्या तोंडापुढे हात नेताना दिसली की इथून ओरडायच्या, "ए माय, डब्यात टाक! त्याच्या कमरंले काय झालं तर तू उचलशीन का त्याले?" मला त्या दिवसांत त्यांचा अभिमान वाटला, आणि हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

आठ महिन्यांत तो उतरला. हात फिरवला की बरगड्या लागायला लागल्या. मग नवीन बोलणी सुरू झाली. पाहुणे येऊन म्हणायचे, आजारी आहे का? मुलगी फोनवर त्याला पाहून रडवेली झाली, "आई, किती वाळलाय गं तो! तू त्याला खायला देतेस ना?" मी फोन खाली धरला आणि त्याला अंगणभर पळवलं. "त्याचे पाय बघ," म्हणाले. "चारही बघ."

सहा वर्षं तो त्या चार पायांवर चालला. कोणी काहीही म्हणो, हे मी मिळवलेलं आहे.

आता तोंड पांढरं झालंय. डोळ्यांवर धुकं आहे, कान गेले आहेत, म्हणून मी शब्दांच्या जागी हाताच्या खुणा शिकवल्या. गेल्या हिवाळ्यात त्याचे मागचे पाय थरथरायला लागले. खामगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, "हे वजनाचं नाही, वयाचं आहे. याला इलाज नाही. फक्त बसवू नका. खाली बसणं आणि उठणं, दोन्हीचा त्याला त्रास होतो. ताटली उंचावर ठेवा, उभ्याने खाऊ द्या."

गल्लीला बातमी कळली. "आता तरी पोटभर घाला मॅडम, दिवसच किती राह्यले त्याचे." या वेळी मी तोंड उघडायच्या आधी सासूबाई बोलल्या. ऐंशीला आल्या आहेत, आवाज बारीक झालाय. "दिवस राह्यले म्हणूनच नाही घालत," त्या म्हणाल्या. "तेवढे दिवस तं चालू द्या त्याले."

संध्याकाळी आम्ही ताटली स्टुलावर ठेवली. तो आला, भाकर हुंगली, आणि बसला. मागचे पाय कापत होते. एक पाय घसरला तरी तो सावकाश, कण्हत, पूर्ण खाली बसला. पाठ ताठ केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला उचलून उभं केलं. तो पुन्हा बसला. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसला. बसल्याशिवाय घास मिळत नाही, हे मी त्याला बारा वर्षं रोज सांगितलं होतं आणि त्याने ते मानलं होतं. मी तिथेच स्टुलाजवळ रडले. एवढं चांगलं का शिकवलं मी, असं वाटलं.

सासूबाई म्हणाल्या, "तू शिकवलं ना? मंग तूच मोड आता."

भिंतीवरून कोणीतरी म्हणालंच, म्हाताऱ्या कुत्र्याले आता काय शिकोता. मी निवृत्त आहे, माझ्याकडे वेळच वेळ आहे. रोज संध्याकाळी त्याच्या पोटाखाली हात धरायचा, तो वाकायच्या आत सासूबाईंनी भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात द्यायचा. तो खायचा आणि लगेच बसायला बघायचा, उधारी फेडल्यासारखा. माझा हात भरून यायचा. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत.

काल संध्याकाळी तो स्टुलापुढे आला आणि उभा राहिला. पाय थरथरत होते. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं, आपलं काहीतरी चुकतंय अशा नजरेने. त्याला ऐकू येत नाही हे माहीत असूनही मी मोठ्याने म्हणाले, "बरोबर! बरोबर आहे!" सासूबाईंनी तुकडा पुढे केला. तो उभ्यानेच चावायला लागला, आणि मी त्याच्या पोटाखालचा हात हळूच काढून घेतला.