कटरला बांधलेलं रबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरते आणि सांगते. मधे थांबले तर थांबू द्या.

मी चौथी शिकलेली बाई. जवळा बाजार गावच्या हळदीच्या गोदामात जन्म गेला. पोत्याची शिवण कापायची, हळद ओतायची, निवडायची. कापायला सरकत्या पात्याचा कटर. कापून झालं की तो कमरेला खोचायचा, कारण खाली ठेवला तर रिकाम्या पोत्यांत हरवतो. आणि पातं आत घ्यायचं — ते कुणाच्या ध्यानात राहतं? आमच्यातल्या प्रत्येक बाईच्या कमरेवर ओरखडे आहेत.

विलास माझ्या नणंदेचा मुलगा. रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. आईच्या कमरेचे वण बघत मोठा झाला, म्हणून त्याने वेगळा कटर बनवला. बटण अंगठ्याने रेटून धरलं तरच पातं बाहेर राहायचं. अंगठा सुटला की स्प्रिंग त्याला आत ओढायची. आत गेलं की तिथंच अडकायचं, बाजूचा खटका दाबल्याशिवाय बाहेर येत नव्हतं. पहिला नमुना त्याने माझ्या हातात दिला.

“मामी, तुमी वापरून बघा. जे खराब वाटंल ते तोंडावर सांगा. तुमी कुणाला भीत न्हाई.”

मी कुणाला भीत नाही — असं सगळेच म्हणतात.

कटर चांगला होता. माझ्याशेजारी कमल काम करायची, तरणी, तोंडाने फटकळ. ती तो मागून घ्यायची आणि कमरेला खोचून सगळ्यांना ऐकवायची, “मावशी, माझ्या नवऱ्याहून शहाणा हाय बघ. सोडला की गप घरात जातो.” बायका हसायच्या. मीही हसायचे.

खराब होता तो माझा अंगठा. सांधा धरलेला. दिवसभर बटण रेटून धरणं मला जमेना. हे विलासला सांगायचं होतं, त्यासाठीच तर त्याने कटर दिला होता. मी सांगितलं नाही. म्हातारीचा हात गेला असं गोदामात झालं असतं, मग मला कोण ठेवतं? मी सायकलच्या ट्यूबचं रबर घेतलं आणि बटणावर आवळून बांधलं. पातं बाहेरच राहिलं. अंगठ्याला आराम पडला. कुणाला दिसू नये म्हणून वरून हात ठेवायचे.

त्या दिवशी कमलने कटर मागितला. मी दुसऱ्या बाईशी वाद घालत होते. बोलता बोलताच तिच्या हातात दिला. तिने बघितलं नाही — काहून बघंल? तो आपोआप आत जातो हे तिला माहीत होतं. तिने खोचला आणि पोतं ओढायला वाकली.

ती ओरडली नाही. लुगड्याकडे बघून म्हणाली, “मावशी, पाणी सांडलं का?”

पातं जांघेत गेलं होतं.

बायका तिला धरायला धावल्या. मीही धावले, पण खाली पडलेल्या कटरकडे. सगळ्या तिच्याकडे बघत असताना मी रबर काढलं आणि पोलक्यात घातलं. ते ओलं होतं. छातीला चिकटलं. अजूनही कधी कधी तिथं ओलं लागल्यासारखं होतं आणि मी हात लावून बघते.

कमल वाचली. डावा पाय ओढत चालते. गोदाम सुटलं तिचं.

विलास दुकानात कटर घेऊन बसला होता. उघडायचा, सोडायचा, पुन्हा उघडायचा. “मामी, हे तर बराबर चालून राहिलंय. मंग त्या दिवशी आत काहून गेलं न्हाई?”

“स्प्रिंग अडकली,” मी म्हणाले. “माझ्याही हातात अडकायची.”

हे दुसरं वाक्य कशाला बोलले? त्याने विचारलंही नव्हतं. पण त्या वाक्यानेच त्याची खात्री पटली. माझ्यावर त्याचा विश्वास होता ना. तो कमलच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागला. तिच्या घरचे म्हणायचे, याच्याच कटरने केलं. मी ते ऐकत उभी राहायचे.

मग त्याने स्प्रिंग काढून टाकली. भरवसा नको म्हणाला. आता नवा कटर आहे — पातं बाहेर काढलं की बाहेरच पक्कं बसतं. खटका दाबून हाताने आत घ्यावं लागतं. म्हणजे पुन्हा ध्यानात ठेवणं आलं. आणि तो विकला जातोय. आठवडी बाजारात बायका घेतात. माझी सूनही तोच खोचून कामाला जाते. ती निघाली की मी तिच्या कमरेकडे बघते. “मिटलाय का गं?” विचारते. “व्हय आत्याबाई, रोज काय तेच!” ती चिडते. ती परत येईपर्यंत मी उंबऱ्यावरच बसून असते. फोन वाजला की तिच्याच कामावरून असेल असं वाटतं. आणि ज्यांना मी ओळखतही नाही, त्या बायकांना कोण विचारत असेल?

मला शिक्षेची भीती नाही असं म्हणणार होते. खोटं आहे. आहे. विलासच्या नजरेची आहे. पण त्याहून मोठी भीती त्या फोनची आहे, आणि तरी मी गप्प आहे. असं कसं, ते मला कळत नाही.

आज सकाळी विलास आला होता. टेम्पोत कटरची खोकी भरलेली, हट्ट्याच्या बाजाराला आणि पुढं वसमतला चालला होता. माझ्या पाया पडला. म्हणाला, “मामी, तुमी खरं बोलल्या म्हणून ही चूक सुधारली. अजून काही खराब वाटतंय का यात? आत्ताच सांगा.”

टेम्पो सुरूच होता. तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

“न्हाई,” मी म्हणाले. “चांगला हाय.”

तो गेला.