बुधवारची शिंक

आमच्या वस्तीत जेवढी माणसं सुधारली, त्यांतलं एकही देवाला भिऊन सुधारलं नाही. सगळी माझ्या बायकोच्या मावशीला भिऊन सुधारली. नरक लांब होता आणि बुधवार जवळ होता, एवढाच काय तो फरक.

जालन्याबाहेर मिशनच्या आवारात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं होती आणि बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनासभा भरे. मावशी मिशनची बायबलबाई. खांद्याला पुस्तकांची पिशवी अडकवून ती दिवसभर जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून हिंडे आणि घराघरांत बसून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवी. वाचायची थोडं आणि ऐकायची फार. आठवडाभर ऐकलेलं सगळं बुधवारी ती देवाच्या कानावर घाली, आणि देवाला ऐकू कमी येतं अशी तिची समजूत असावी, इतक्या मोठ्यानं घाली. आधी कमरेची डबी काढून तपकिरीची चिमूट ओढायची, मग एक दणदणीत शिंक द्यायची, पदर डोक्यावर घ्यायचा आणि डोळे मिटायचे. ती शिंक ऐकली की ज्याच्या मनात काही काळंबेरं असेल तो अंग चोरून बसे.

"हे प्रभू," ती सुरू करी, "तुला समदं ठाव हाय, तरी बी सांगते. आपला शाळामास्तर पोरांना पाढे म्हणाया लावतो अन् खुर्चीत झोपून राह्यलाय. त्याला जागं कर." मास्तर तिसऱ्या ओळीत बसलेला असे. पण प्रार्थनेत मध्ये बोलायची सोय नसते, डोळेही उघडता येत नाहीत, आणि शेवटी सगळ्यांबरोबर स्वतःलाही 'आमेन' म्हणावं लागतं. आपल्यावरच्या फिर्यादीवर आपणच अंगठा उठवायचा. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दिवसभर उभं राहून शिकवलं आणि पोरांचे हाल झाले.

पाद्रीसाहेबांनाही सुटका नव्हती. "साहेबांच्या उपदेशाला तू सुरुवात चांगली देतोस, प्रभू. आता शेवट बी दे." साहेबांनी निमूटपणे आमेन म्हटलं आणि पुढच्या रविवारी आम्ही चक्क गरम भात जेवलो. मडमेच्या कुत्र्याला दूध अन् खानसाम्याच्या लेकराला ताक, हे तुझ्या राज्यात बराबर न्हाई, असंही तिनं एकदा देवाला बजावलं. त्या आठवड्यापासून कुत्रं जरा रोडावलं.

जगाच्या सुखांवर मावशीचा भारी राग, आणि रागावण्यासाठी तिनं त्यांचा अभ्यासही कसून केला होता. शहरातल्या मस्तगडाच्या हलवायाविषयी तिनं एकदा केलेली प्रार्थना अजून आठवते. "तुपात पोहून निघालेल्या, पाकात बुडालेल्या, दाताखाली कुरकुर वाजून मंग रस सोडणाऱ्या त्या जिलबीपासून आम्हाला वाचव." आमेन झाल्याझाल्या चार कर्ते पुरुष मस्तगडाची वाट चालू लागले. तमाशाच्या कनातीबाहेर ती एकदा दोन तास उभी होती. आपल्या वस्तीतलं कोण आत जातं ते पाहायला, असं तिचं म्हणणं. महिनाभरात आमच्या एका भजनाला अशी ठसकेबाज चाल लागली की म्हातारी माणसंही मांडीवर ठेका धरू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "चालीला काय पाप लागतंय? पाप शब्दांत होतं, ते काढलं म्या." आणि तपकीर? तपकीर हे तर औषध होतं.

मिशनच्या दवाखान्यातल्या रोग्यांनाही तिच्या प्रार्थनेचा लाभ होई. आष्टीचे एक पाटील पोटदुखीनं येऊन पडले होते. मावशी खाटेशी उभी राहून गरजली, "या पाटलाला तू दोन बायका दिल्या, प्रभू, आता दोघींशी सारखं वागायची अक्कल दे, मंग पोट दुखायचं आपोआप थांबल." पाटील उठून बसले. म्हणाले, "बाई, तुमच्या देवाला आमच्या आष्टीची खबर कोण देऊन राह्यलंय?" तिसऱ्या दिवशी दोघी बायका एकाच बैलगाडीतून त्यांना न्यायला आल्या.

आता माझं. मी त्याच दवाखान्यात कंपाउंडर होतो, आणि माझं सुख शहरातून परतताना लागणाऱ्या शिंदीखान्यातल्या मडक्यात होतं. नोकरी धरताना दारू-शिंदीला शिवणार नाही असं मी मिशनला लिहून दिलेलं. कळलं असतं तर नोकरी जाती, राहती खोली जाती, आणि पोटुशी बायको माहेरची वाट धरती. त्याहून वाईट म्हणजे औषध मापताना माझा हात कापू लागला होता. मी बाटलीला दोष देत असे.

आणि एका भर दुपारी शिंदीखान्याच्या दारात मिशा पुसत बाहेर पडलो तो समोर मावशी. तिनं मला पाहिलं, दार पाहिलं, कमरेच्या डबीला हात लावला आणि न उघडताच काढून घेतला. "जावईबापू, ऊन लई हाय. जल्दी घरी जावा," एवढंच म्हणाली.

त्या बुधवारी मी दाराजवळची जागा धरली. मावशीनं मास्तर घेतला, खानसामा घेतला, साहेबांचा अडेल तट्टूही घेतला आणि आमेन म्हटलं. माझं नाव नाही! त्या आनंदात मी गुरुवारी दोन मडकी जास्त प्यालो. पुढच्या बुधवारी नाव नाही. त्याच्या पुढच्याही नाही. असे सहा बुधवार गेले. वस्तीत बोलणं सुरू झालं की ज्याच्यासाठी देवाकडे मागायला मावशीलाही काही सापडत नाही असा एकच पुरुष इथं आहे. बायको ताठ मानेनं पाण्याला जाऊ लागली. शेवटी मला मंडळीचा वडील, चर्चच्या कारभारातला पंच, करायचं घाटलं. म्हणजे प्रभुभोजनाचा द्राक्षारसाचा प्याला माझ्या या कापऱ्या हातात येणार. मी साहेबांना म्हणालो, मी लायक नाही. माझ्या नम्रतेची तारीफ झाली.

मग मात्र राहवेना. मावशी, एकदा माझं नाव घ्या आणि मला मोकळं करा, असं सांगायला मी दुपारी तिच्या खोलीवर गेलो. दार लोटलेलं होतं. आत ती खाटेला टेकून गुडघ्यांवर बसली होती आणि बोलत होती, पण इतकं हळू की आधी मला वाटलं आत दुसरंच कोणी आहे. माझं नाव ऐकू आलं. शिंदीचा उल्लेख नाही, गाऱ्हाणं नाही. "त्याचा हात थांबव, प्रभू. लई चांगला हात हाय त्याचा," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. फळीवर तपकिरीची डबी होती आणि तिला आडवाउभा दोरा बांधलेला. सहा बुधवार शिंक ऐकू आली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"समद्यांचं चारचौघांत मांडता, मंग माझंच असं का?" मी दारातूनच विचारलं.

ती दचकली नाही. "मास्तर झोपतो ते म्या लोकांना सांगते, जावईबापू. देवाला काय करायचंय त्याच्या झोपेचं? लाजंनं जे सुटतं ते मोठ्यानं मागायचं. तुमचं लाजंनं सुटणारं न्हाई."

"अन् डबी?"

"तुम्ही सोडस्तोवर म्या बी सोडली. बसल्या जागी फुकट कसं मागावं?" मग नाक चोळत म्हणाली, "पर जरा जल्दी करा. नाक लई तरसून राह्यलंय."

मला रडू आलं. लाज वाटली ती पकडलो गेलो म्हणून नव्हे. माझ्यासाठी कोणी एवढं सोडावं असा मी नव्हतो, म्हणून.

दुसऱ्या दिवशी शिंदी सुटली असं लिहिलं तर मावशी वरून मोठ्यानं दुरुस्ती करील. मी तीनदा सोडली आणि तीनदा धरली. वडीलकी मी पुढे ढकलत राहिलो आणि वस्ती माझी तारीफ करत राहिली. हिवाळा सरता सरता औषध एकदाचं बाटलीवरच्या रेघेशी बरोबर थांबू लागलं. मी मस्तगडाहून ताजी तपकीर आणून मावशीपुढे ठेवली. तिनं डबीचा दोरा हातानं न सोडता दातांनीच तोडला.

त्या बुधवारी अशी शिंक आली की बाहेर झाडावरचे कावळे उडाले. आणि मग, भरल्या सभेत, माझं नाव आलं. "आमचे जावईबापू उपासनेत घोरतात, प्रभू. बिलकुल ऐकवत न्हाई. तेवढं बंद कर." बायकोचा चेहरा पडला. मी मात्र आयुष्यात तितक्या मोठ्यानं आमेन म्हटलेलं नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या साली मावशी गेली. आता बुधवारी नवे पाद्री पुस्तकातली प्रार्थना वाचतात. तीत सर्व राष्ट्रं येतात, सर्व अधिकारी येतात, सर्व दुःखी-कष्टी येतात. भाषा सुरेख आहे आणि तिनं कोणाचं मन दुखत नाही. मास्तर पुन्हा खुर्चीत झोपतात. मी अजून उपासनेत घोरतो. बायको कोपरानं ढोसते, पण देवाकडे कोणी तक्रार करत नाही.