हक्कसोडीच्या दिवशीचं रडू

आमच्या घरात सातवी पास झालेली पहिली मुलगी मी. तेवढ्यावर मला असा ताठा चढला होता, की मला बघून पोस्टमन अदबीनं सायकलवरून उतरतो असं वाटायचं. बिचारा चढामुळे उतरायचा.

वडील गेल्यावर पेठजवळच्या माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं. आमच्याकडची रीतच ती. बहिणींनी सही करून आपला हिस्सा सोडायचा, भावानं साडीचोळी करायची, की दिवाळीला माहेरचा रस्ता मोकळा. मी तेव्हा तिशीतली, जुन्नरकडे दिलेली. मी लगेच तयार. धाकटी बहीण मात्र अडून बसली.

"आक्का, निदान विहिरीजवळची खोली तरी माझ्या नावावर राहू दे."

"भावाच्या दारात हिस्सा मागती? लाज न्हाई वाटत? उद्या दिवाळीला तुला न्यायला कोण येईल गं?" मी तिला असं दोन दिवस सोलून काढलं. तिसऱ्या दिवशी ती गप झाली, आणि मला वाटलं मी जिंकले.

रजिस्टर ऑफिसात कागद वाचून दाखवायचा मान अर्थातच माझा. 'स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय' हे शब्द मी पेढा चघळावा तसे चघळत वाचले.

"म्हंजी काय?" बहिणीनं विचारलं.

"म्हंजी तू खूश हायेस."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. साहेबांचा हात थांबला. "या बाई का रडतायत?"

त्याच घडीला ते थांबलं असतं. पण माझी जीभ! "आनंदाचं रडू साहेब, साडी मिळायचीय. रंग न्हाई आवडला तर घरी जाऊन आणखी रडंल!" सगळं ऑफिस हसलं. साहेब हसले, भाऊ हसला. त्या हशातच तिचा अंगठा कागदावर उठला. घरी येताना एसटीत मी तोच विनोद आणखी दोघींना सांगितला.

आता बहीण विधवा आहे. सासरच्यांनी काढलं, तेव्हापासून ती त्याच विहिरीजवळच्या खोलीत राहते. भाऊ जमीन विकतोय, खोलीसकट. तिला घेऊन जावं तर मीच सुनेच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. म्हणून घोडेगावच्या कोर्टात तिचा हा दावा: ते हक्कसोडपत्र दडपणाखाली झालं, ते रद्द करा.

आमची वकील म्हणजे नातीच्या वयाची पोर. तिनं मला समन्याय हा शब्द शिकवला. "आजी, खूप वर्षं गेलीत, मुदतीचं अवघड आहे. पण कोर्ट नुसता कागद बघत नाही, कोण कसं वागलं तेही तोलून बघतं. दावा बहिणीचाच, तेव्हा दडपण होतं हे सांगणारं दुसरं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही." जुन्नरहून येताना सबंध वाटभर मी तो शब्द घोकला. या वयातही शब्द नवा मिळाला की मी फुगतेच.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. सगळं खरं सांगितलं. दडपण कोणी आणलं? मी. साहेबांशी खोटं कोण बोललं? मी. भाऊ समोर बसून नखं बघत होता.

मग त्याचे वकील उठले. आवाज अगदी गोड. "मावशी, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर तुम्ही खोटं बोललात?"

"व्हय."

"आणि सगळ्यांना हसवलंत?"

"व्हय."

"मग आज खरं बोलताय, हे कशावरून?"

आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर सुचलं नाही. एवढे शब्द घोकले होते, एकही जागेवर सापडेना. न्यायाधीश टायपिस्टला "लिहा, साक्षीदार निरुत्तर" म्हणाले आणि त्यांनी पुढची तारीख दिली. त्या तारखेच्या आधी खोली मोजायला जमीन घेणाऱ्याची माणसं येणार आहेत.

बाहेर पायरीवर बहीण येऊन शेजारी बसली. ती मागच्या बाकावरून सगळं ऐकत होती. मी म्हटलं, "माझ्यानं घालवलं गं सगळं."

ती पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली. "आक्का, त्या दिवशी मी का रडत व्हते, हे तू मला कधी इचारलंच न्हाईस. आज त्या वकिलानं तुला इतकं इचारलं, पर त्येनंबी हे न्हाई इचारलं."

"का रडत व्हतीस?"

"नवरा मारायचा. मला ठावं व्हतं, एक दिस परत यावं लागंल. म्हणून खोली मागत व्हते."

मी आत जायला उठले. शिपायानं दारातच अडवलं. "आजी, तुमची साक्ष संपली."