कुत्र्याला विचारणारा माणूस

जनावरांच्या दवाखान्यातला मलमपट्टी करणारा तो ड्रेसर माणसांशी बोलायचाच नाही. पेठ तालुक्याकडचा, काटकुळा, उजव्या हाताची तर्जनी अर्धीच. जे विचारायचं ते कुत्र्याला विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. शेवटी मालकालाच बोलावं लागे. मला त्याच्या त्या थांबण्याची धास्ती वाटायची.

आमच्या टिप्याचा डोळ्याखालचा गाल सुजला, तेव्हा गांधीलमाशी चावली असेल समजून मी आठ दिवस हळदच लावली. सूज फुटून पू आला, तसा घाबरून त्याला लुनावर पुढ्यात घेऊन पंचवटीहून दवाखाना गाठला. ड्रेसरने तोंड न बांधताच टिप्याचा ओठ वर केला. वरची मोठी दाढ उभी चिरली होती.

"लय दुखलं असंल रे. हाड कोणी दिलं?"

टिप्या गप्प. ड्रेसर थांबला.

"आमच्याकडे हाडं देत नाहीत," मी म्हणालो. दर रविवारी मटणातली नळी मीच टिप्यासाठी बाजूला काढायचो.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. टिप्यालाच म्हणाला, "ज्या हाडात नख रुतत नाय, ते चावायचं नाय. आता दाढ काढावी लागंल. डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देतील. पण तू म्हातारा. उठशील का नाय, सांगता येत नाय."

तो टिप्याच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "नळी?"

सुजल्या तोंडाच्या टिप्याने कान टवकारले, वळून माझ्याकडे पाहिलं आणि शेपूट हलवायला लागला.