खोकल्याची खूण

चर्चच्या घंटेचा दोर म्हाताऱ्या सुताराच्या हातात होता. घंटेच्या खोलीचं दार बंद ठेवावं लागे, नाहीतर आतल्या प्रार्थनेत दोराची कुरकुर ऐकू जायची. त्यामुळे सुताराला दिसायचं काहीच नाही, नुसतं ऐकू यायचं. जुने पाळक आशीर्वाद संपला की एकदा खोकत. खोकला आला की दोर ओढायचा. असं कोणी ठरवलं नव्हतं, तशी सवय पडत गेली.

जुने पाळक बदलून गेले. बायकोने बातमी आणली.

"अहो, नवे पाळक आधीच्या गावी म्हणे यंत्राने घंटा वाजवायचे. बटण दाबलं की झालं."

"मग मी काय ओढू?"

"विहिरीचं पाणी. दोर सारखाच!"

रविवारी सुतार दाराला कान लावून बसला. माणूस कसा असेल? आवाज तरुण, बोलणं सावकाश. उपदेश ऐन रंगात आला आणि नवे पाळक खोकले.

सुताराने दोर ओढला. पाठीतून, नेहमीसारखा.

मंडळी उठली. कोणी चपला शोधू लागलं. एक आजी तर पायरीपर्यंत पोचली.

लोक पांगल्यावर नव्या पाळकांनी दार उघडलं. "मामा, माझं संपलं नव्हतं हो."

"तुम्ही खोकलात, पाळकसाहेब."

"प्रवासाची धूळ. पण घंटेचा काय संबंध?"

सुताराने सांगितलं. पाळक पोट धरून हसले. सुताराने दोर सोडला नव्हता.

"आता यंत्र बसवणार?"

"नको! ते पावसात बंद पडायचं. शिडीवर चढून मीच घंटेवर हातोडा मारायचो, अजून खांदा दुखतो. दोर तुमच्याकडेच राहू द्या." मग ते दाराकडे बघत राहिले. "मामा, याला एक भोक का नाही पाडलं?"

सुताराने दारावरून हात फिरवला. जन्म दारं करण्यात गेला होता.

"सुचलं नाही," तो म्हणाला.

त्याने डोळ्याच्या उंचीवर भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. पुढच्या रविवारी डोळा लावला. आशीर्वादाला पाळकांनी हात उचलले. डावा जरा खालीच राहिला. दुखरा खांदा हाच असावा. समोर सगळ्यांच्या माना खाली. बायकोचा एक डोळा मात्र उघडा, थेट भोकावर. इतकी वर्षं ही आशीर्वादात एक डोळा उघडा ठेवत होती तर!

आशीर्वाद संपला. सुताराचा डोळा अजून बायकोवरच. सगळे थांबले. पाळकांनी भोकाकडे पाहिलं, वाट पाहिली आणि शेवटी खोकले.



घरी जाताना बायको म्हणाली, "भोक बुजवा. खोकलाच बरा होता."