सिल्वासा : मोहाखालची दोन पोती माती

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. चोवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून झाल्यावर सुट्टीत माणसाला फक्त झोपावंसं वाटतं. पण वैशालीचा फोन आला. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, मूळची अलिबागची, आता सिल्वासाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. "दोन वर्षं रोपं लावतेय, दोन्ही वर्षं मेली. ये ना, बघ तरी," म्हणाली. नाही म्हणायलाही त्राण नव्हतं, म्हणून निघाले.

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, खानवेल असा रस्ता. ऑगस्टमध्ये हिरवागार असतो, पण वळणं आणि खड्डे मिळून एसटीला पाच तासांच्या वर लागतात. मळमळीची गोळी घेऊनच बसा. सिल्वासाला उतरल्यावर शेअर रिक्षा सहज मिळते, आणि स्टँडजवळ खिचडी-कढी पोटभर मिळते. मला दोन घासांपुढे जाईना.

दुसऱ्या दिवशी खडोलीच्या रस्त्यावरची वैशालीची शाळा पाहिली. बहुतेक मुलं धुळे-नंदुरबारहून कारखान्यात आलेल्या कामगारांची. मैदान मुरूम टाकून उंच केलेलं, आणि कडेनं गेल्या वर्षीच्या रोपांच्या वाळक्या काड्या. मुख्याध्यापक सावंतसर कोकणातले, मवाळ बोलणारे. "मॅडम, यंदा पन्नास आणलीत, शेवटची. ही मेली तर पेव्हर ब्लॉक घालून टाकतो. पोरं चिखलात घसरतात, पालक मला धरतात."

एक काडी उपटून मी मुळं पाहिली. साधी, उघडी, केविलवाणी. झाडाचं मूळ सहसा एकटं नसतं. जमिनीतली बुरशी त्यात शिरते, केसाहून बारीक धागे लांबवर पसरून पाणी आणि स्फुरद आणून देते, आणि बदल्यात झाडानं पानांत बनवलेली साखर घेते. खोल खणून आणलेल्या मुरमात ही बुरशी कुठून येणार?

"मग जंगलातली माती आणू," वैशाली म्हणाली. पण राखीव जंगलातून माती काढता येत नाही. वनखात्याच्या चौकीवर विचारलं, तिथंही नाहीच म्हणाले. म्हणून खेरडीला गेलो. तिथं शाळेत पोळ्या करणाऱ्या बाईंची आई, जमनीबाई, राहते. तिच्या बांधावर मोहाचं जुनं झाड आहे.

जमनीबाईनं आमची फावडी बघितली आणि हात आडवा केला. "माती नेस, पन मुळांला फावडा नको. हातानं काढ."

मी तिला मुळातल्या बुरशीचं सांगू लागले. तिनं शांतपणे ऐकलं. "आमी रोप नेतो तं इथल्या मातीसकट नेतो," ती म्हणाली. "मुळा धुवून नेलेला जगत नाय." मग खाली बसून तीही आमच्याबरोबर माती उकरू लागली. दोन पोती भरेस्तोवर माझी कंबर गेली होती.

शाळेत परतून मातीबरोबर आलेली मोहाची चार बारीक मुळं पारदर्शक व्हावीत म्हणून पोटॅशमध्ये उकळली, मग रंग चढावा म्हणून व्हिनेगर घातलेल्या पेनच्या शाईत. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मुळाच्या पेशींतून निळे धागे गेले होते, मध्ये गोल फुगे, आणि एका पेशीच्या आत बारीक फांद्यांचं इवलंसं निळं झाड. ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते. वैशालीला जागा द्यायचंही सुचलं नाही.

लावायच्या वेळी मात्र भांडलो. मी म्हटलं, "पंचवीस रोपांना ही माती घाल, पंचवीस तशीच ठेव. नाहीतर कळणार कसं?"

"म्हणजे पंचवीस मरायला ठेवू?"

"मरतीलच असं नाही."

"मला उत्तर नकोय गं. झाडं हवीत." तिनं पन्नासही खड्ड्यांत ओंजळ ओंजळ माती घातली. मी पाणी ओतत मागून चालले.

वासोण्याची सिंहसफारी राहिलीच. तुम्ही जाल तेव्हा तिच्यासाठी अर्धा दिवस ठेवा. मी परतीची एसटी धरली आणि जव्हारपर्यंत झोपले.

घरी येऊन थकवा काही गेला नाही. तास, पेपर, कंबर, सगळं तसंच. दिवाळीनंतर बरीच रोपं अजून तगून असल्यानं सावंतसरांनी ब्लॉकचा बेत पुढे ढकलल्याचं कळलं. हे मातीनं झालं की यंदाच्या पावसानं, मला सांगता येणार नाही. वर्गात कुणी विचारलं तर हेच सांगेन.

परवा वैशालीनं व्हिडिओ कॉल केला. मला झोपायचं होतं. ती मैदानाच्या कडेनं एकेका रोपापाशी थांबत होती. "हे जिवंत. हे जिवंत. हे गेलं. हे जिवंत..." पन्नासावं येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.